न दिसणाऱ्या उजेडाचे मोजमाप

दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाच्या उत्तर भागात आटाकामा नावाचे वाळवंट आहे. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, हवा विलक्षण कोरडी असते आणि कोसच्या कोस माणसाच्या वस्तीचा दिवा दिसत नाही. पारानाल नावाचा एक डोंगर तेथे आहे. समुद्रसपाटीपासून २,६३५ मीटर उंचीच्या त्याच्या माथ्यावर युरोपातील राष्ट्रांनी मिळून एक वेधशाळा उभारलेली आहे. सव्वाआठ मीटरच्या आसपास व्यासाचा आरसा असलेल्या चार प्रचंड दुर्बिणी तेथे शेजारीशेजारी उभ्या आहेत. त्यांना नावे देताना युरोपीय शास्त्रज्ञांनी ती त्या भूमीतील मूळच्या मापुचे लोकांच्या भाषेतून घेतली, ही गोष्ट मला फार सभ्यपणाची वाटते. चौथ्या दुर्बिणीचे नाव येपुन, म्हणजे शुक्राची चांदणी.

या येपुन दुर्बिणीला २०१४ साली म्यूझ नावाचे एक यंत्र जोडण्यात आले. त्याच्या साहाय्याने इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाचे मिकेले फुमागाल्ली, सायमन मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी दूरच्या एका दीर्घिकेच्या अगदी कडेला एक तांबडा उजेड टिपला आणि २०१७ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हा उजेड इतका मंद होता की, सर्वात काळोख्या रात्रीसुद्धा आकाशाला स्वतःची म्हणून जी पुसटशी प्रभा असते, तिच्या शतांशाइतकाही तो भरत नव्हता. परंतु खरी मौज याच्या पुढेच आहे. या मंडळींना त्या तांबड्या उजेडाचे फारसे कौतुक नव्हते. त्यांना मोजावयाचा होता तो निराळाच प्रकाश. तो तांबडा नव्हे, डोळ्यांना दिसणारा नव्हे, आणि पृथ्वीवर किंवा पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहावर कितीही उत्तम यंत्र बसविले तरी त्यात पकडता येण्याजोगाही नव्हे. तो आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि तरीही कोणती दीर्घिका वाढावी व कोणती खुरटावी, हे ठरविण्यात त्याचा मोठा वाटा आहे असे आज मानले जाते.

हा प्रकाश म्हणजे विश्वातील अतिनील पार्श्वप्रकाश. इंद्रधनुष्यातील जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे जे किरण असतात त्यांना आपण अतिनील किरण म्हणतो. जुन्या क्रमिक पुस्तकांत त्यांना जंबुपार किरण असे नाव असे, ते अनेकांना आठवत असेल. १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला त्यांचा शोध लागला. चांदीचा एक क्षार उजेडात काळा पडतो हे ठाऊक होतेच. वर्णपटातील जांभळ्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी, तो अधिकच लौकर काळा पडतो असे रिटरला आढळून आले. न दिसणाऱ्या प्रकाशाची ओळख माणसाला अशी पहिल्यापासूनच त्याच्या परिणामावरून झाली आहे. येपुन दुर्बिणीवर जे घडले ते त्याच कुळातले.

प्रकाशाची तरंगलांबी मोजण्यासाठी अँगस्ट्रॉम हे एकक वापरतात. एक सेंटिमीटर म्हणजे दहा कोटी अँगस्ट्रॉम. डोळ्यांना साधारणपणे ४,००० पासून ७,००० अँगस्ट्रॉमपर्यंतचा प्रकाश दिसतो. त्याहून आखूड लांबीचे ते अतिनील. आता या अतिनील प्रदेशात ९१२ अँगस्ट्रॉम हा एक टोलनाका आहे असे समजावे. याहून आखूड लांबीच्या प्रकाशकणापाशी एवढी ऊर्जा असते की, तो हायड्रोजनच्या अणूवर आदळला तर त्यातील एकुलता एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. अणू फुटतो आणि प्रकाशकण त्यात खर्ची पडतो. अवकाशात हायड्रोजनइतका विपुल दुसरा पदार्थ नाही. आपली सूर्यमाला ज्या आकाशगंगेत आहे तिच्या ताऱ्यांमधील पोकळीतही तो विरळपणे पसरलेला आहे. त्यामुळे बाहेरून येणारा ९१२ च्या किंचित आतील प्रकाशकण आपल्या दाराशी येईपर्यंत कोठल्या ना कोठल्या हायड्रोजन अणूवर खर्च होऊन जातो. वातावरणाची आडकाठी असती तर उपग्रह पाठवून ती ओलांडता आली असती. ही आडकाठी अख्ख्या आकाशगंगेची आहे, आणि तिच्या बाहेर यंत्र पाठविणे माणसाच्या आवाक्यातले नाही.

मग असा प्रकाश आहे, हे तरी कशावरून? त्याची कथा १९६५ सालची आहे. क्वासार नावाच्या अतितेजस्वी व अतिदूर वस्तूंचा शोध तेव्हा नुकताच लागला होता. प्रचंड कृष्णविवरात वायू कोसळताना जी धग निर्माण होते, तिच्यामुळे क्वासार इतके उजळतात हे आज आपण जाणतो. कॅलिफोर्नियातील जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन या दोघा तरुणांनी एका क्वासाराचा वर्णपट तपासला. इतक्या दुरून येणारा प्रकाश वाटेतील सारे अवकाश ओलांडून येतो. त्या अवकाशात अखंड, न फुटलेला हायड्रोजन थोडासा जरी भरलेला असता, तरी १,२१६ अँगस्ट्रॉम या त्याच्या आवडत्या लांबीचा प्रकाश त्याने गिळून टाकला असता आणि वर्णपटात तेथे एक रुंद काळी खिंड दिसली असती. ती खिंड दिसली नाही. ज्या गोष्टीची अपेक्षा होती ती न दिसणे हाच येथे पुरावा ठरला. दीर्घिकांच्या मधल्या पोकळीतील हायड्रोजन जवळजवळ संपूर्णपणे फुटलेल्या स्थितीत आहे, असा त्याचा अर्थ. आणि तो तसा फुटलेला राहतो याअर्थी त्याला सतत फोडीत राहणारा प्रकाश त्या पोकळीत सर्वत्र भरून राहिलेला असला पाहिजे.

विश्वाचा इतिहास आज साधारणपणे पुढीलप्रमाणे मानतात. महास्फोटाला सुमारे १३.८ अब्ज वर्षे झाली. आरंभीच्या तप्त अवस्थेनंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व इतके थंडावले की इलेक्ट्रॉन व प्रोटॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अखंड अणू बनले. त्यानंतर दीर्घ काळोख. मग पहिले तारे पेटले, पहिल्या दीर्घिका जमल्या आणि त्यांच्या अतिनील प्रकाशाने सभोवारचा हायड्रोजन पुन्हा फुटू लागला. प्रत्येक दीर्घिकेभोवती फुटलेल्या वायूचा एकेक बुडबुडा वाढत गेला, बुडबुडे एकमेकांना मिळाले, आणि महास्फोटानंतर सुमारे एक अब्ज वर्षांच्या सुमारास सारे अवकाश या प्रकाशाने व्यापले गेले. तेव्हापासून हा पार्श्वप्रकाश विश्वात अखंड आहे, पण त्याचे बळ मात्र एकसारखे राहिलेले नाही. दहा-अकरा अब्ज वर्षांपूर्वी क्वासार व नवे तारे यांचा मोठा बहर होता, तेव्हा तो आजच्या दसपटीहून अधिक प्रखर होता. पुढे तो बहर ओसरला आणि प्रकाशही मंदावत गेला.

दीर्घिकांच्या वाढीशी याचा संबंध काय, हे आता पाहावयाचे आहे, आणि या विषयाचे मर्म मला येथेच वाटते. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा समुदाय हे खरे, परंतु तारे बनतात ते थंड वायूपासून. ज्या दीर्घिकेपाशी वायूचा साठा आहे आणि जिला बाहेरून नवा वायू मिळत राहतो तीच नवे तारे घडवू शकते. अतिनील प्रकाशकण जेव्हा हायड्रोजनचा अणू फोडतो तेव्हा फोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जी थोडी अधिक ऊर्जा त्याच्यापाशी असते, ती सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या वेगात उतरते. त्यामुळे वायू तापतो. हे तापमान दहा हजार अंशांच्या घरात जाते आणि वायूचे कण सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने धावू लागतात. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी अग्निबाणाला सेकंदास सव्वाअकरा किलोमीटर वेग लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येईल. आपल्या आकाशगंगेसारख्या बलाढ्य दीर्घिकेला एवढ्या वेगाचे काहीच वाटत नाही, तिची पकड फार मोठी आहे. परंतु ज्या अगदी खुज्या दीर्घिका असतात त्यांचे गुरुत्व इतके दुबळे असते की, तापलेला वायू त्यांच्या हातून निसटतो आणि बाहेरचा नवा वायू आत येऊन स्थिरावू शकत नाही. जुन्या ताऱ्यांवर दिवस काढायचे, नवा तारा जन्माला घालायचा नाही, असे त्यांचे भागधेय ठरते.

इंग्लंडमधील जॉर्ज एफस्टॅथिऊ यांनी १९९२ साली हा विचार व्यवस्थित मांडला. त्याला पुढे महत्त्व आले ते एका कोड्यामुळे. विश्वाच्या घडणीची गणिते संगणकावर करून पाहिली असता, आपल्या आकाशगंगेभोवती कृष्णद्रव्याचे शेकडो लहान पुंज असावेत असे उत्तर येई. प्रत्यक्षात तिच्या अनुचर दीर्घिका १९९९ च्या सुमारास मोजून दहाबारा ठाऊक होत्या. बाकीचे पुंज गेले कोठे? ते तेथेच आहेत, पण त्यांत तारे पेटलेच नाहीत, किंवा पेटले ते लौकरच थांबले, हे त्याचे एक उत्तर. ते सरसकट खरे असेल असे नव्हे. ताऱ्यांच्या स्फोटांनीही वायू उधळला जातो, आणि पुढील वर्षांत नव्या, अतिशय अंधूक अनुचर दीर्घिका सापडून त्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. परंतु या उत्तराच्या बाजूने एक चांगला पुरावा २०१४ साली पुढे आला. टॉमस ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून अशा सहा अतिअंधूक दीर्घिका पाहिल्या. त्यांतील बहुतेक सारे तारे विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांच्या आगेमागे जन्मलेले आढळले. त्यानंतर तेथे जणू पाळणा हललाच नाही. सगळ्या सहांचा वंश एकाच सुमारास खुंटावा, याला त्या सर्वांवर एकदम कोसळलेले काही कारण असले पाहिजे. ते कारण सर्वत्र पसरणारा हा प्रकाश असावा, असा तर्क साहजिकच होतो.

तर्क झाला, पण तर्काला वजन हवे असेल तर आकडा हवा. हा प्रकाश किती? पाचपट अधिक मानला तर अधिक मोठ्या दीर्घिकाही त्याच्या तडाख्यात सापडतात, आणि कमी मानला तर खुज्या दीर्घिकाही सहीसलामत राहतात. शिवाय दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत किती वायू आहे, याचा हिशेबही याच आकड्यावर अवलंबून असतो. मी पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हे. माझा जन्म सरकारी कचेरीत कागद पाहण्यात जात आहे. परंतु या प्रकरणात माझे मन रमले ते त्याचे स्वरूप सरळसरळ जमाखर्चाचे आहे म्हणून.

जमेच्या बाजूस दोन रकमा. एक क्वासारांची, दुसरी दीर्घिकांतील तरुण, तप्त ताऱ्यांपासून गळून बाहेर येणाऱ्या प्रकाशाची. फ्रांचेस्को हार्ट आणि पिएरो माडाउ या इटालियन शास्त्रज्ञांनी आकाशातील क्वासार व दीर्घिका यांच्या गणतीवरून ही बेरीज केली होती. २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे सर्वत्र प्रमाण मानले जात. खर्चाच्या बाजूस पोकळीतील हायड्रोजन. तो पूर्णपणे फुटलेला नसतो. लक्षांश, दशलक्षांश भाग अखंड राहतो आणि क्वासाराच्या प्रकाशात बारीक काळ्या रेघांच्या रूपाने उमटतो. या रेघांची दाटी पाहून शास्त्रज्ञ तिला अरण्य म्हणतात. प्रकाश जितका प्रखर तितके अखंड अणू कमी आणि रेघा विरळ. म्हणजे रेघा मोजून प्रकाश काढता येतो. विश्वाच्या अलीकडच्या काळातील अशा रेघा अतिनील भागातच पडत असल्यामुळे त्या जमिनीवरून दिसत नाहीत. २००९ साली हबल दुर्बिणीवर नवा वर्णपटमापक बसविला गेला, तेव्हा कोठे त्या भरपूर हाती आल्या.

आणि हिशेब जुळेना! कोलमायर या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की, रेघांची विरळता समजावून घ्यावयाची तर प्रमाण मानलेल्या आकड्याच्या पाचपट प्रकाश हवा. जमेच्या बाजूस पाचांपैकी चार भाग गायब. आपल्या निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी या स्थितीला आणीबाणी म्हटले. दीर्घिकांतून आपण समजतो त्याहून अधिक प्रकाश गळत असेल, क्वासारांची गणती चुकली असेल, किंवा अज्ञात कृष्णद्रव्यच विघटन पावून प्रकाश देत असेल, अशा शक्यता चर्चेत आल्या. शेवटची शक्यता साहजिकच वृत्तपत्रांना आवडली. परंतु हिशेब न जुळल्यास चोराचा माग काढण्यापूर्वी बेरीज पुन्हा तपासावी, असे कोणताही अनुभवी कारकून सांगेल.

ही बेरीज तपासण्याचे काम ज्यांनी केले त्यांत पुण्याचा वाटा मोठा आहे, हे मराठी श्रोत्यांना ऐकून समाधान वाटेल. पुण्यातील आयुका, म्हणजे खगोलशास्त्र व खगोलभौतिकी यांचे आंतरविद्यापीठीय केंद्र, येथील विक्रम खैरे आणि आर. श्रीआनंद यांनी २०१५ साली क्वासारांच्या अधिक नव्या गणतीवरून जमेची बाजू पुन्हा मांडली. क्वासारांचा वाटा जुन्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. त्यानंतर प्रकाश गायकवाड, खैरे, श्रीआनंद आणि पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील तीर्थंकर रायचौधुरी यांनी खर्चाची बाजू हाती घेतली. हबलने घेतलेल्या ८२ क्वासारांच्या वर्णपटांची संगणकावर घडविलेल्या विश्वाशी तुलना करून त्यांनी २०१७ साली आपले माप प्रसिद्ध केले. ते कोलमायर यांच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होते. एवढा प्रकाश पुरविण्यास क्वासार पुरेसे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. या प्रकाशाची ओहोटीही त्यांच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी तो दीड अब्ज वर्षांपूर्वीच्या तिप्पट होता.

तथापि ही दोन्ही मापे शेवटी एकाच प्रकारची. क्वासारांच्या रेघा, आणि त्यांवरून संगणकाच्या मदतीने केलेले अनुमान. कोणी अगदी निराळ्या वाटेने जाऊन त्याच मुक्कामास पोहोचले तर खात्री पटावी. ही निराळी वाट म्हणजे आरंभी सांगितलेला पारानालच्या डोंगरावरचा उद्योग.

त्यामागील कल्पना जुनी आहे. सोव्हिएट रशियातील राशीद सुन्यायेव यांनी १९६९ सालीच ती सुचविली होती. चकतीसारख्या दीर्घिकेत तारे जेथे संपतात तेथे वायू संपत नाही. हायड्रोजनची पातळ चकती पुष्कळ पुढेपर्यंत पसरलेली असते, हे रेडिओ दुर्बिणींनी दिसते. तिच्या या उघड्या कडेवर बाहेरचा अतिनील पार्श्वप्रकाश येऊन आदळतो आणि तेथील अणू फोडतो. सुटलेले इलेक्ट्रॉन कालांतराने पुन्हा प्रोटॉनना जाऊन मिळतात. मिळताना ते पायरीपायरीने खाली उतरतात, आणि या उतरणीत एका विशिष्ट पायरीवर ६,५६३ अँगस्ट्रॉम लांबीचा तांबडा प्रकाशकण बाहेर पडतो. हा मात्र आपल्यापर्यंत बिनदिक्कत येतो. वायूचे फुटणे व जुळणे यांचा तोल साधलेला असतो, म्हणजे जितके अणू फुटतात तितकेच पुन्हा जुळतात. देवळात कीर्तनाला किती मंडळी जमली आहेत हे आत न जाताही दाराशी काढून ठेवलेल्या वहाणांवरून समजते, तसेच येथे आहे. फरक इतकाच की, येथे शंभरांतील सुमारे पंचेचाळीस जणच वहाणा दाराशी ठेवतात. दर शंभर जुळण्यांमागे साधारण तेवढेच तांबडे कण निघतात, आणि हे प्रमाण अणुविज्ञानाने पक्के ठरविलेले आहे. तांबडे कण मोजा, अतिनील कणांची संख्या हाती येईल.

वाचावयास हे सोपे वाटते. चाळीसपन्नास वर्षे कोणाला ते नीट साधले नाही, याचे कारण त्या तांबड्या उजेडाची पराकाष्ठेची मंदता. म्हणून दीर्घिका निवडतानाच फार चोखंदळपणा करावा लागला. निवड झाली ती अरुंधती केश या तारकासमूहातील, सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेची. तिला नाव नाही. स्वीडनमधील उप्साला येथे तयार झालेल्या एका मोठ्या यादीतला तिचा क्रमांक ७३२१, आणि फायलीला नंबर पडावा तसा तोच तिला चिकटला आहे. दिसावयास ही दीर्घिका एखाद्या सुईसारखी आहे, कारण तिची चकती आपल्याला बरोबर कडेवरून दिसते. हाच तिचा मोठा गुण. काचेचा तुकडा समोरून पाहिला तर रंगहीन दिसतो, पण कडेवरून पाहिला म्हणजे हिरवट दिसतो, कारण दृष्टी काचेतून लांबवर जाते. त्याचप्रमाणे कडेवरून पाहिल्यास या वायूचा मंद उजेड दृष्टीच्या रेषेत साठत जातो आणि थोडा उठून दिसतो. दुसरा गुण असा की, ही दीर्घिका फार शांत आहे. तीत नवे तारे थोडेच जन्मतात, म्हणून घरच्या दिव्यांचा त्रास कमी. तिसरी सोय तिच्या गतीची. ती सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात आहे. त्यामुळे तिचा तांबडा उजेड वर्णपटात काही अँगस्ट्रॉम सरकलेला असतो, आणि पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनचा तसलाच उजेड त्यात मिसळत नाही.

म्यूझ हे यंत्र या कामास जणू मुद्दाम घडविल्यासारखे आहे. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या तिसाव्या भागाएवढा आकाशाचा चौकोन ते एका वेळी पाहते, आणि त्या चौकोनाचे बारीक तुकडे करून चोवीस वर्णपटमापकांच्या द्वारे सुमारे नव्वद हजार वर्णपट एकदम नोंदविते. अनेक तासांचे वेध घेऊन, हजारो वर्णपट एकत्र मिळवून, त्यांतून आकाशाची स्वतःची प्रभा अत्यंत काळजीपूर्वक वजा केली, तेव्हा दीर्घिकेच्या तारेविहीन कडेवर तो तांबडा उजेड शिल्लक उरला. वजाबाकीत शंभराच्या जागी एक रुपयाचीही गफलत चालणार नव्हती, कारण मिळकतच शेकड्याला एक रुपयाहून कमी होती.

आलेला आकडा ऐकण्यासारखा आहे. दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत हायड्रोजनचा एखादा एकटा अणू उघड्यावर ठेवला, तर हा पार्श्वप्रकाश त्याला फोडील. परंतु त्यासाठी त्याला सरासरीने चार ते पाच लाख वर्षे वाट पाहावी लागेल. एवढा हा प्रकाश क्षीण! पण विश्वाच्या घड्याळात पाच लाख वर्षे म्हणजे काहीच नव्हे. फुटलेले अणू इतक्या विरळ पोकळीत पुन्हा भेटण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ घेतात, म्हणूनच एवढ्याशा प्रकाशालाही सारे अवकाश फुटलेल्या स्थितीत ठेवता येते. आणि पुण्याच्या मंडळींनी क्वासारांच्या रेघांवरून दीड अब्ज वर्षांपूर्वीच्या काळासाठी काढलेला आकडा जवळजवळ हाच आहे. एकाने कडेचा तांबडा उजेड मोजला, दुसऱ्याने काळ्या रेघा मोजल्या. दोघांची पद्धत निराळी, यंत्रे निराळी, आणि उत्तर जुळले.

यावर एक वाजवी शंका घेता येते. तो तांबडा उजेड घरचाच नव्हे कशावरून? दीर्घिकेच्या स्वतःच्या ताऱ्यांचा प्रकाश कडेपर्यंत गेला नसेल काय? शास्त्रज्ञांनी ही शंका स्वतःच उपस्थित केली होती. उजेड जेथे दिसतो ती जागा ताऱ्यांपासून दूर आहे, आणि रेडिओ वेधांवरून हायड्रोजनची कड जेथे असावी तेथेच तो आहे. तरीही घरचा थोडा वाटा असलाच, तर बाहेरचा प्रकाश निघालेल्या आकड्याहून कमी ठरेल, अधिक नव्हे. म्हणजे पाचपटीची आणीबाणी याही बाजूने टिकत नाही. एका दीर्घिकेवरून सर्व अवकाशाचा निकाल लावावा का, हा प्रश्न मात्र उरतो. माझ्या मते अशा आणखी चारसहा दीर्घिकांचे माप मिळेपर्यंत फाईल बंद करू नये.

जमेच्या दुसऱ्या रकमेविषयी, म्हणजे दीर्घिकांतून गळणाऱ्या प्रकाशाविषयी, दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण येथे भारतीय यंत्र उपयोगी पडले आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहावर अतिनील प्रकाश टिपणाऱ्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत. त्यांचे आरसे जेमतेम ३८ सेंटिमीटर व्यासाचे. हबलच्या आरशाच्या मानाने ते लहानच. परंतु आयुकातील कनक साहा यांच्या नेतृत्वाखाली एका गटाने २०१६ च्या ऑक्टोबरात या दुर्बिणींनी आकाशाचा एक तुकडा अठ्ठावीस तासांहून अधिक काळ न्याहाळला, आणि ९.३ अब्ज वर्षांपूर्वी एका लहानशा दीर्घिकेतून निघालेला, मूळची लांबी सुमारे ६०० अँगस्ट्रॉम असलेला प्रकाश त्यांना सापडला. टोलनाक्याच्या पुष्कळ आतला! २०२० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. असा प्रकाश वाटेतील हायड्रोजनच्या तावडीतून सुटून आलाच कसा, असे कोणी विचारील. तो वाटेत विश्वाच्या प्रसरणाबरोबर ताणला जाऊन दीड हजार अँगस्ट्रॉमच्या घरात पोहोचला होता, म्हणून आपल्या आकाशगंगेच्या नाक्यावर त्याला कोणी अडविले नाही. त्या काळच्या लहान, ताऱ्यांनी भरभरून पेटलेल्या दीर्घिकांतून हा प्रकाश खरोखरच बाहेर गळत होता, याची ती साक्ष आहे. ज्या प्रकाशाने पुढे दुबळ्या दीर्घिकांचा वायू हिरावून घेतला, तो निर्माण करण्यात लहान दीर्घिकांचाही हात होता असे यावरून दिसते.

नियमाला न जुमानणारे उदाहरणही आकाशात आहे. सिंह राशीच्या दिशेला, सुमारे चौदा लाख प्रकाशवर्षांवर लिओ टी नावाची एक अत्यंत खुजी दीर्घिका २००७ साली सापडली. गणिताप्रमाणे तिचा वायू केव्हाच उडून जावयास हवा होता. परंतु रेडिओ दुर्बिणींना तीत थंड हायड्रोजन मिळाला आहे, आणि तिच्यातील काही तारे चांगलेच तरुण आहेत. ती आपल्या आकाशगंगेपासून दूर एकटी राहते, म्हणून बचावली असे काही जण म्हणतात. पार्श्वप्रकाश पुढे मंदावल्यावर तिने पुन्हा वायू जमविला असावा, असे दुसरे म्हणतात. हे दुसरे मत खरे की खोटे, हे हा प्रकाश कोणत्या शतकोटी वर्षांत किती मंदावला यावर अवलंबून आहे. पारानाल आणि पुणे येथील आकड्यांचा आता त्या कामी उपयोग होत आहे.